यॉर्कशायरचं इंग्रजी कान देऊन कसं ऐकायचं: उच्चार, व्याकरण आणि रोजचे शब्द

"पडलात तेव्हा काय करत होतात?" मी विचारलं. आजोबा ऐंशीच्या पुढचे होते, खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. ते म्हणाले, "आय वर स्टुड ॲट सिंक, लुव्ह, अन् मी लेग वेन्ट."

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापूरची. दक्षिण यॉर्कशायरमधल्या एका गावातल्या हॉस्पिटलात तो माझा पहिला आठवडा होता. इंग्रजी माध्यमातून शिकलेली, इंग्रजीची परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेली, आणि त्या एका वाक्यातले मला 'सिंक' आणि 'लेग' एवढेच शब्द धड कळले. आजोबांचं म्हणणं अगदी साधं होतं: मी सिंकपाशी उभा होतो, पोरी, आणि माझ्या पायातलं बळच गेलं. आज नऊ वर्षांनी त्या वाक्यातली प्रत्येक गोष्ट मला नियमात बसवून सांगता येते. लीड्स, शेफील्ड, ब्रॅडफर्ड, हल, यॉर्क इथे शिकायला किंवा नोकरीला येणारी मराठी मंडळी आणि नातवंडं सांभाळायला येणारे आईवडील मला नेहमी विचारतात, "इथलं बोलणं कळायला किती दिवस लागतात?" त्यांच्यासाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. यॉर्कशायर हा इंग्लंडमधला सर्वांत मोठा ऐतिहासिक परगणा आहे आणि तिथे एकच बोली नाही. मी मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण भागातलं सांगणार आहे. हल आणि उत्तरेकडची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल. उच्चार देवनागरीत लिहिले आहेत, ते मोठ्याने वाचा. नुसत्या डोळ्यांनी वाचून उपयोग नाही.

पायरी 1: 'चूक' हा शब्द बाजूला ठेवा

'आय वर' ऐकलं की आपल्या शाळेतल्या बाई आठवतात: आय वॉज, वी वर! मग मन ठरवून टाकतं की समोरचा माणूस अशिक्षित आहे, आणि तिथेच कान बंद होतो.

आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी येतो', 'मी जातो', 'मी आलो' म्हणतो. पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा एका शिक्षिकेने भर वर्गात मला 'आले म्हण, आले' असं तीनदा म्हणायला लावलं. ते अजून आठवतं. पण 'मी आलो' ही चूक नाही. प्रथमपुरुषात स्त्री-पुरुष असा भेद आमची बोली करत नाही, इतकंच. आणि ती हे सगळीकडे, न चुकता करते. यॉर्कशायरची बोलीही तेच करते. 'वॉज' आणि 'वर' असे दोन साचे ठेवण्याऐवजी सगळ्यांना 'वर' लावते: आय वर, शी वर, इट वर. नकारातही 'इट वर्न्ट'. एकदा हे पटलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

ही बोली नियमबद्ध आहे हे ज्यांनी जगाला दाखवलं ते जोसेफ राइट इथलेच, ब्रॅडफर्डजवळच्या थॅकलीचे. जन्म 1855. सहाव्या वर्षी खाणीवर गाढवगाडी हाकायचे, मग सॉल्टेअरच्या गिरणीत कामाला लागले. पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे हायडलबर्गला डॉक्टरेट केली आणि 1901 मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1898 ते 1905 या काळात त्यांनी इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याआधी, 1892 मध्ये, आपण जिथे वाढलो त्या विंडहिल गावच्या बोलीचं अख्खं व्याकरण लिहिलं होतं. गिरणीतल्या पोराच्या तोंडची भाषा, आणि तिचं व्याकरण पाणिनीला शोभेल अशा शिस्तीत मांडलेलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

पायरी 2: 'अ' ऐकू येईल तिथे 'उ' ऐकायची सवय करा

सगळ्यांत जास्त गोंधळ याच एका स्वराने होतो, म्हणून इथे वेळ घाला.

आपण 'कप, बस, लव्ह, कम, मनी' हे शब्द 'अ'ने म्हणतो. यॉर्कशायरमध्ये ते 'कुप, बुस, लुव्ह, कुम, मुनी' होतात. 'पुट' आणि 'फुट'मधला जो ऱ्हस्व 'उ' आहे, तोच. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये या 'उ'ची दोन शकलं झाली. काही शब्दांत 'उ' राहिला, काहींत त्याचा 'अ'सारखा उच्चार झाला. उत्तरेत ही फूट पडलीच नाही. म्हणजे जुना उच्चार इथल्या लोकांनी जपला आणि बदलले ते दक्षिणेतले.

क्रिकेट ऐकणाऱ्या मराठी माणसाने हा स्वर कधीच ऐकलेला आहे. जेफ्री बॉयकॉट समालोचनात 'रुबिश' म्हणायचे ना? ते पश्चिम यॉर्कशायरमधल्या फिट्झविल्यम या खाणकामगारांच्या गावचे. तो 'रु' म्हणजेच ही पायरी.

रोजच्या कामात कुठे अडतं ते पाहा. सोमवार म्हणजे 'मुंडे', अगदी आपल्याकडच्या आडनावासारखा. रविवार 'सुंडे'. पोट म्हणजे 'टुमी', रक्त म्हणजे 'ब्लुड', आई म्हणजे 'मुम', आणि त्याहून जास्त वेळा 'मॅम'. वर म्हणजे 'उप'. मात्र 'वन' हा आकडा अनेकांच्या तोंडी 'वॉन' असतो आणि जीभ 'टॉन्ग' असते, हे दोन अपवाद लक्षात ठेवा.

म्हातारी माणसं 'बुक, लुक, कुक' हे शब्द दीर्घ 'ऊ'ने म्हणतात: 'बूक, लूक, कूक'. त्यामुळे 'लुक' ऐकलं तर ते नशीब असू शकतं आणि 'लूक' म्हणजे बघ! ऱ्हस्व-दीर्घाचा कान आपल्याला शाळेपासून असतो, तो इथे कामी येतो.

सरावासाठी घरातल्या दहा वस्तूंची यादी करा, ज्यांच्या इंग्रजी नावात हा 'अ' आहे: कप, मग, रग, बकेट, बटर, कटलरी, प्लग, ब्रश, अंब्रेला, डस्टबिन. रोज सकाळी एकदा 'उ'ने म्हणा. बाहेर बोलताना तसं म्हणायचं नाही, फक्त कानाला ओळख होऊ द्यायची.

पायरी 3: जे स्वर आपल्याला आधीच येतात ते ओळखा

इथे आनंदाची बातमी आहे. लंडनकडचे लोक 'डे' म्हणताना 'डेइ', तर 'होम' म्हणताना 'हउम' अशी दोन स्वरांची घसरगुंडी करतात. यॉर्कशायरवाले आपल्यासारखाच सरळ, लांब 'ए' आणि 'ओ' लावतात: 'डे', 'होम', 'रोड', 'केक'. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचा 'ए' आणि 'ओ' इथे परका वाटतच नाही. उच्चारासाठी स्वतःला कमी लेखणाऱ्या मराठी मुलांना मी हे आवर्जून सांगते.

यातही एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. जुन्या पिढीत वाट पाहणे या अर्थाचा 'वेट' सरळ 'ए'चा, तर वजन या अर्थाचा 'वेइट' जोडस्वराचा. तसंच नकाराचा 'नो' सरळ आणि जाणण्याचा 'नोउ' जोडस्वराचा. प्रमाण इंग्रजीने हे शब्द एकाच उच्चारात मिसळून टाकले, या आजीआजोबांनी वेगळे ठेवले.

'मेक' आणि 'टेक' मात्र आखूड होतात, 'चेक'शी यमक जुळेल असे.

दुसरा स्वर आखूड 'आ'. बाथ, ग्लास, ग्रास, लाफ, पास हे शब्द आपण लांब 'आ'ने शिकलो. इथे ते आखडतात. मराठीत 'बॅथ, ग्लॅस' असं लिहावं लागतं, पण आपल्या 'बॅट'मधल्या 'ॅ'पेक्षा तोंड जास्त उघडं ठेवा. 'आ' म्हणायला सुरुवात करून मध्येच तोडल्यासारखं. 'कान्ट' आणि 'हाफ' मात्र लांबच राहतात, त्यामुळे सरसकट आखूड करत सुटू नका.

पायरी 4: 'द' गेला कुठे?

पुस्तकांत यॉर्कशायरचा माणूस 'डाउन ट् पब' असं काहीतरी बोलताना दाखवतात, म्हणजे नामाआधी येणाऱ्या 'द' (the) या शब्दाच्या जागी नुसता एक 'ट्'. प्रत्यक्षात 'ट्' बहुतेक वेळा ऐकू येत नाही. येतो तो फक्त घशातला अटकाव.

हा अटकाव मराठी माणसाला माहीत आहे. लहान मूल घास नको म्हणताना 'अँ-अँ' करतं, त्या दोन 'अँ'च्या मध्ये घसा क्षणभर बंद होतो. तोच हा. 'गोइन डाउन ’पब', 'पुट ’केटल ऑन', 'इन ’किचन'. मी तो वरच्या चिन्हाने दाखवते आहे. माझ्या पहिल्या आजोबांच्या 'ॲट सिंक'मध्येही तो होता, पण तेव्हा मला तो ऐकूच आला नव्हता.

सराव असा: 'इन किचन' म्हणा, मग 'इन'नंतर घसा पाव सेकंद बंद करून 'किचन' म्हणा. पाच-सहा वेळा केलं की फरक स्वतःलाच जाणवतो, आणि एकदा तोंडाला जाणवला की कानाला सापडतो.

पायरी 5: गळलेली आणि बदललेली व्यंजनं

'ह' गळतो: हाउस 'आउस', हेड 'एड', हल शहर 'उल', हडर्सफील्ड 'उडर्सफील्ड'. '-इंग'चा शेवट 'इन' होतो. हे इंग्लंडभर ऐकू येतं, त्यावर फार थांबत नाही.

दोन स्वरांमधल्या 'ट'चा 'र' होतो, हे मात्र नवख्याला पुरतं चकवतं. गेट ऑफ म्हणजे 'गेरॉफ', शट अप म्हणजे 'शुरुप', गॉट अप म्हणजे 'गॉरुप', लेट हिम म्हणजे 'लेरिम'. शब्द तुटक न ऐकता दोन-दोन शब्दांचा जोड ऐकायचा, तर सापडतो.

तिसरा नियम आपल्या संधीसारखा आहे. पुढचं व्यंजन कठोर असेल तर मागचं मृदू व्यंजनही कठोर होतं. म्हणून ब्रॅडफर्डचे लोक गावाला 'ब्रॅटफर्ड' म्हणतात, आणि 'वाइड ट्राउझर्स' ऐकताना 'व्हाइट ट्राउझर्स'च वाटतं. संस्कृतमध्ये 'आपद्' आणि 'काल' मिळून 'आपत्काल' होतो, तोच हा प्रकार.

आणि नकाराची आखूड रूपं. डिडन्ट, वुडन्ट, डझन्ट, इझन्ट यांच्या पोटातलं व्यंजन गळून 'डिन्ट, वुन्ट, डुन्ट, इन्ट' उरतं. आजारपणाची माहिती विचारताना हे शब्द निसटले तर नकाराचा होकार होतो, म्हणून ही चार रूपं पाठच करा. शंका आली तर सरळ विचारा. मी आजही विचारते.

पायरी 6: वाक्याची घडण, आणि मराठीशी जुळणारे धागे

'आय वर स्टुड', 'शी वर सॅट'. पुस्तकी इंग्रजीत 'स्टँडिंग' आणि 'सिटिंग' हवं. पण मराठीत आपण काय म्हणतो? 'मी उभी होते', 'ती बसली होती'. बसण्याची क्रिया होऊन गेली, आता ती स्थिती आहे. यॉर्कशायरचा विचार अगदी हाच आहे, त्यामुळे हे वाक्य मनातल्या मनात मराठीत करून बघा, लगेच बसतं.

कर्ता वाक्याच्या शेवटी येतो: 'शीज पूअर्ली, इज मी मॅम.' 'इट्स कोल्ड, इज दॅट.' आपणही म्हणतोच की, 'बरी नाहीये हो, आई.' 'गार आहे, ते पाणी.' आधी मनातली गोष्ट बोलायची आणि मग कोणाबद्दल ते सांगायचं. इथे 'इज' आला म्हणून प्रश्न विचारलाय असं समजू नका. सूर खाली उतरत असेल तर ते विधानच.

'मी' म्हणजे माझा. मी मॅम, मी लेग, मी टॅब्लेट्स. मराठी कानाला हे सुरुवातीला विचित्र लागतं, पण दोन दिवसांत सवय होते.

घरच्या माणसाच्या नावाआधी 'आवर' लावतात: 'आवर जॅक'. आपण 'आमचा बाळू', 'आमची ताई' म्हणतो तसं. 'आवर लॅस' म्हणजे माणसागणिक बायको, मैत्रीण किंवा मुलगी. कोण ते विचारून घ्या.

आकड्यानंतर अनेकवचन लागत नाही: 'फाइव्ह पाउंड', 'थ्री माइल', 'टू यिअर अगो'. आपण पाच किलो, दोन मैल म्हणतोच.

नकार देताना 'आय हॅवन्ट सीन'पेक्षा 'आय’व्ह नॉट सीन' जास्त ऐकू येतं. 'गिव्ह इट मी' म्हणजे ते मला दे. 'देम शूज' म्हणजे ते बूट. हे तिन्ही अर्थावरून लगेच उलगडतात.

आता एक शब्द, ज्याच्यापाशी मी प्रत्येक नव्या नर्सला आणि डॉक्टरला थांबवते: 'वाइल'. प्रमाण इंग्रजीत त्याचा अर्थ 'चालू असताना'. यॉर्कशायरमध्ये अर्थ 'पर्यंत'. दुकान 'नाइन वाइल फाइव्ह' उघडं असतं, म्हणजे नऊ ते पाच. आणि औषधाच्या बाबतीत 'डोन्ट टेक इट वाइल यू’व्ह हॅड यर टी' याचा अर्थ 'संध्याकाळचं खाणं झाल्याशिवाय गोळी घेऊ नकोस'. आपण तो 'खाताना घेऊ नकोस' असा लावला, तर पेशंट गोळी केव्हा घेतो याबद्दल आपल्या कागदावर उलटीच नोंद होते. म्हणून मी स्वतः बोलताना 'वाइल' हा शब्द वापरतच नाही. 'आफ्टर' आणि 'बिफोर' म्हणते आणि घड्याळातली वेळ सांगते.

पायरी 7: 'दा' आणि 'दी': इथलं अरे-तुरे

प्रमाण इंग्रजीत एकच 'यू' उरला. यॉर्कशायरच्या जुन्या बोलीत 'तू' अजून आहे. कर्ता असेल तर 'दा', कर्म असेल तर 'दी', 'तुझा' म्हणजे 'दाय' किंवा नुसतं 'दी', आणि 'तू स्वतः' म्हणजे 'दिसेन'. त्याच धर्तीवर 'मी स्वतः' म्हणजे 'मिसेन'. 'दा नोज' म्हणजे 'तुला माहीत आहे ना', आणि निरोप घेताना 'सीदी', म्हणजे 'भेटू'. बार्न्सली, शेफील्ड, खाणींच्या गावांत हे जास्त टिकलं आहे. शेफील्डवाले यातल्या 'द'चा सरळ 'ड' करतात, म्हणून शेजारच्या बार्न्सलीकरांनी त्यांना 'डी-डा' असं नाव ठेवलं आहे.

मराठी माणसाला इथे वेगळं काही शिकावं लागत नाही. तू, तुम्ही, आपण यांच्यातली पायरी आपल्या अंगात मुरलेली असते. 'दा' चालतो तो बरोबरीच्यांत, घरात, कामावरच्या जुन्या सोबत्यांत. वडीलधाऱ्यांना चालत नाही. आगाऊपणे तसं बोलणाऱ्याला ऐकवायची एक जुनी म्हण आहे, तिचा भाव असा: 'मला दा-दा करू नकोस, स्वतःला करून बघ म्हणजे कळेल कसं वाटतं.' आपल्याकडचं 'मला अरे-तुरे करायचं काम नाही' ते हेच.

तेव्हा आपण 'दा' वापरायचा का? नाही. कोणी आपल्याला म्हटलं तर ते जवळीक म्हणून घ्यावं आणि उत्तर 'यू'नेच द्यावं. एखाद्या परक्या माणसाने कोल्हापुरात पाय ठेवल्याबरोबर आम्हाला 'लेका' म्हटलं तर कसं वाटेल, तसंच आहे हे.

पायरी 8: रोज लागणारे शब्द

तीन शब्द पहिल्याच दिवशी लागतात. 'ओउट' म्हणजे काहीही, 'नोउट' म्हणजे काहीच नाही, 'सुमट' म्हणजे काहीतरी. 'आय’व्ह एटन नोउट' असं पेशंट म्हणाला तर तो उपाशी आहे.

भेटल्यावर 'नाह देन' म्हणतात. शब्दशः काही अर्थ लावत बसू नका, ते आपलं 'काय मग?' आहे. उत्तरही 'नाह देन'च. 'ए उप' हेही तसंच. 'आय' म्हणजे हो, 'टा' म्हणजे आभार, 'रेइट' म्हणजे फार ('रेइट गुड'), 'हॅपन' म्हणजे कदाचित, 'एनी रोड' म्हणजे ते असो. 'लुव्ह' कोणीही कोणालाही म्हणतं. बसचा ड्रायव्हर प्रवाशाला, आजी डॉक्टरला. त्यात प्रेम वगैरे शोधायचं नाही, आपलं 'बाळा' किंवा 'ताई' आहे ते. शेफील्डकडे त्या जागी 'डुक' येतं.

जेवणाच्या वेळांची नीट नोंद करा: 'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण, 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. 'कुम फर यर टी' असं आमंत्रण आलं तर घरून जेवून जाऊ नका.

दुखण्याखुपण्याचे शब्द मी वेगळे लिहून ठेवले होते. 'पूअर्ली' आणि 'बॅडली' म्हणजे आजारी. 'जिप' म्हणजे ठणका. 'जिगर्ड' म्हणजे पार थकलेला. 'नेश' म्हणजे थंडी अजिबात न सोसणारा. 'लुग्ज' म्हणजे कान. 'मार्डी' म्हणजे रुसलेला, किरकिरा. आणि 'नॉट सो बॅड' हे उत्तर कधीही जसंच्या तसं घेऊ नका. इथली जुनी माणसं वेदना फार कमी करून सांगतात. खुबा मोडलेला माणूसही 'नॉट सो बॅड' म्हणतो. मी त्यांना 1 ते 10 मध्ये आकडा विचारते आणि चेहऱ्याकडे बघते.

यातले काही शब्द फार जुन्या घरातून आलेत. 866 मध्ये व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं, आणि पुढे 954 पर्यंत तिथे बहुतेक काळ त्यांचंच राज्य होतं. त्यांच्या नॉर्स भाषेतला 'लेक' म्हणजे खेळणं. इथे पोरं अजून 'लेकिन' करतात, आणि गिरण्यांच्या काळात काम बंद असलं तरी कामगार 'लेकिन' आहोत म्हणायचे. 'बेक' म्हणजे ओढा. यॉर्कच्या जुन्या भागातल्या रस्त्यांच्या नावांत 'गेट' आहे (स्टोनगेट, कॉपरगेट), पण तिथे दरवाजा शोधू नका. नॉर्समध्ये तो शब्द रस्त्याचा. व्हिट्बी, सेल्बी यांतला 'बी' म्हणजे गाव, आपल्या '-वाडी', '-गाव'सारखा.

पायरी 9: गाव बदललं की कान पुन्हा लावा

पश्चिमेकडच्या जुन्या बोलीत कोळसा 'कॉइल' असतो आणि भोक 'ऑइल'. म्हणजे कोळसा टाकायची खोली 'कॉइल ऑइल'! 'पुट ’वुड इन ’ऑइल' म्हणजे भोकात लाकूड घाल, अर्थात दार लाव. 'डाउन' आणि 'अबाउट' तिथे 'डान' आणि 'अबाट' होतात. उत्तरेकडे गेलात की तेच 'डून' आणि 'अबूट'.

हलला तर बरंच वेगळं आहे. तिथे 'फोन कॉल'मधला 'ओ' ओठ न गोलावता म्हणतात, ऐकायला 'फर्न' वाटतो. 'फर्स्ट' आणि 'नर्स' हे 'फेस्ट' आणि 'नेस'कडे झुकतात. 'फाइव्ह' 'फाव्ह' होतो पण 'व्हाइट' तसाच राहतो, कारण पुढचं व्यंजन मृदू की कठोर यावर तिथला स्वर ठरतो. घामाघूम करणारा उकाडा असला की हलकर 'माफ्टिन' म्हणतात. दोन घरांमधल्या बोळाला पश्चिमेत 'गिनल' किंवा 'स्निकेट', तर हलला घरांच्या मागच्या वाटेला 'टेनफुट'.

गावांची नावं स्पेलिंगवरून कधीच वाचू नका. जे 'केइली'सारखं दिसतं ते 'कीथली'. 'स्लेथवेट' दिसतं ते 'स्लाउइट'. बसमध्ये तिकीट मागण्याआधी मागच्या माणसाने काय म्हटलं ते ऐकायचं.

पायरी 10: कान तयार करण्याचा रोजचा सराव

बीबीसी रेडिओ शेफील्ड, लीड्स किंवा हम्बरसाइड लावा, आणि बातम्या न ऐकता श्रोत्यांचे फोन येतात ते कार्यक्रम ऐका. निवेदक सावरून बोलतात, फोन करणारे मोकळे बोलतात. रोज दहा मिनिटं, एकच पायरी घेऊन. एक दिवस फक्त 'उ' मोजायचा, दुसऱ्या दिवशी फक्त घशातले अटकाव.

जुनी बोली ऐकायची असेल तर लीड्स विद्यापीठाने 1950 ते 1961 दरम्यान इंग्लंडच्या 313 ठिकाणी केलेल्या बोलींच्या पाहणीतली ध्वनिमुद्रणं शोधा. हेरल्ड ऑर्टन हे त्या कामाचे प्रमुख होते. शेतकरी लोक गायी, गवत, भाकरी यांवर बोलतात. विषय आपल्या ओळखीचे, त्यामुळे अर्थाचा अंदाज येतो आणि कान फक्त आवाजाकडे देता येतो.

स्वतः बोलताना नक्कल करू नका. आपलं मराठी वळणाचं इंग्रजी सावकाश आणि स्पष्ट बोला, त्यात 'टा', 'आय', 'पूअर्ली' एवढे शब्द आपोआप येतील तेवढे येऊ द्या. 1992 मध्ये सचिन तेंडुलकर यॉर्कशायर काउंटीचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून इथे आला. तोवर त्या संघात बहुधा परगण्यात जन्मलेल्यांनाच घेत. जुनी माणसं मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर अजून त्याची आठवण काढतात. तो त्यांच्यासारखं बोलायचा म्हणून नव्हे, तर तो त्यांच्यासाठी खेळला म्हणून.

आता सगळ्या पायऱ्या एकत्र. हा परिच्छेद मोठ्याने वाचा आणि माझं स्पष्टीकरण झाकून अर्थ लावा. असं बोलणं मी वॉर्डात रोज ऐकते:

"नाह देन, लुव्ह. इट वर सायलिन डाउन मुंडे, अन् आय वर सॅट इन ’किचन वाइल टी-टाइम, कॉज आवर लॅस वर ॲट ’शॉप. आय’ड हॅड नोउट सिन्स डिनर. आय गॉरुप टु पुट ’केटल ऑन, अन् मी नी जुस्ट वेन्ट. आय डिन्ट बॅन्ग मी एड. इट्स गिव्हिन मी सुम जिप, इज मी लेग."

'काय मग, पोरी. सोमवारी पाऊस नुसता कोसळत होता.' सायलिन म्हणजे धो-धो, हा शब्द इथे पावसाळी दिवसात दहादा ऐकाल. 'मी संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेपर्यंत स्वयंपाकघरात बसून होतो, कारण आमची ही दुकानात गेली होती.' इथे 'वाइल'चा अर्थ 'पर्यंत' लावलात ना? 'दुपारच्या जेवणानंतर पोटात काही नव्हतं.' त्यांचं 'डिनर' दुपारचं, नाहीतर आपण आदल्या रात्रीपासून उपाशी असं लिहून मोकळे होऊ. 'चहाचं भांडं ठेवायला उठलो आणि गुडघ्यातलं बळच गेलं. डोकं आपटलं नाही.' हा 'डिन्ट' सर्वांत महत्त्वाचा. तो ऐकू आला नाही तर डोक्याच्या तपासणीची सगळी धावपळ सुरू होते. 'ठणकतोय बरं का, पाय माझा.'

यानंतर मी दोनच प्रश्न विचारते, दोन्ही घड्याळाचे. "डिनर झालं तेव्हा किती वाजले होते?" आणि "उठलात तेव्हा किती?" बहुतेक वेळा उत्तर येतं बारा आणि पाच. मग पाच तास एका जागी बसून, काही न खाता-पिता एकदम उठलेल्या माणसाचा आधी बसून आणि मग उभं करून रक्तदाब बघायचा, आणि त्यानंतर गुडघ्याला हात लावायचा.